पैलवानाची वाटणी

लोक जमीन वाटून घेतात, भांडीकुंडी वाटून घेतात, म्हातारे आईबापसुद्धा सहा-सहा महिने वाटून घेतात. आमच्या घरात मोटारगाडी वाटून घेतली. सांगाडा थोरल्याला, इंजिन धाकट्याला. ऐकणाऱ्याला हसू येतं. हसा बापडे, मीही आता हसते.

आमचे हे थोरले आणि भाऊजी धाकटे. दोघांनी लग्नाआधी मिळून ती गाडी घेतली होती. काळी कुळकुळीत, दोनच दारांची, नाक लांब, खांदे रुंद, मागून बघितलं तर आखाड्यातून नुकतीच अंग झाडून उठल्यासारखी. गल्लीत तिला सगळे पैलवान म्हणायचे. बोनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. मी नवी नवरी म्हणून आले ती त्याच गाडीत बसून. पैलवान सुरू झाला की घरांची तावदानं थरथरायची. तो आवाज कानात शिरत नाही, पोटात शिरतो. मी माहेरी रडत निघाले होते, पहिल्या वळणावर रडायचं विसरले.

पुढे दोघा भावांचं बिनसलं. कुणीतरी मागचा दिवा फोडला. कुणी फोडला ते अजून ठरलेलं नाही आणि ठरवणारे दोघेही आता वर जाऊन भांडत असतील. दिव्यावरून शब्द निघाला, शब्दावरून बाप निघाला, आणि बाप तर दोघांचा एकच. शेवटी मामेसासऱ्यांनी निवाडा केला. गाडी कुणीच सोडेना, विकू कुणीच देईना, म्हणून म्हणाले, एकाने सांगाडा घ्या, एकाने इंजिन घ्या. राग उतरला की दोघांना एकमेकांकडे यावंच लागेल. फार हुशार माणूस, पण भाचे ओळखत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही.

भाऊजींची रस्त्यापलीकडे लाकडाची वखार. त्यांनी ते इंजिन सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलं, त्याला पट्टा लावला आणि त्यावर करवत चालवली. आमच्याकडे पैलवान विटांवर चढवलेला, पोट रिकामं. हे रोज संध्याकाळी त्यात जाऊन बसायचे, स्टेअरिंग धरून. विचारलं कुठे निघालात, तर म्हणायचे, गप बस, घाट लागलाय.

दोघे भाऊ गेले. वखार जावेने चालवली, घर मी चालवलं. आम्ही दोघी वाटणी झाल्यापासूनच एकमेकींशी बोलत नव्हतो, एकमेकींना ऐकू जाईल असं बोलत होतो. मी पडवीतल्या कट्ट्यावर बसून सुनेला सांगायची, काही लोक दुसऱ्याचं काळीज काढून त्यावर लाकडं कापतात. तिकडून ती गड्याला सांगायची, काही लोकांना काम नसतं, त्यांच्या जिभेलाच पट्टा लावला तर दोन करवती चालतील. सून बिचारी मान खाली घालून हसायची. मला दिसायचं. मी दिसलं नाही असं दाखवायची.

तर असा संसार चालला असताना आमच्या लेकाच्या डोक्यात पैलवान शिरला. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. लहानपणापासून हात स्वस्थ नाहीत म्हणून सगळे त्याला खटपट्या म्हणतात. म्हणाला, आई, बाबांची गाडी मी उभी करतो. केलीही. गंजलेला पत्रा कापून काढला, नवा डकवला, घासला, पुन्हा घासला. ब्रेकचे पाइप, वायरिंग, गाद्या, सगळं नवं. रंग दिला तेव्हा त्यात तोंड दिसायला लागलं. माझं दिसलं, मी लगेच पदर सारखा केला.

राहिलं इंजिन. खटपट्या म्हणाला, बाजारात एक बघून ठेवलंय, नवं आहे, हलकं आहे, आवाज अजिबात करत नाही.

मी म्हटलं, आवाज करत नाही ते इंजिन पंख्याला लाव. पैलवानात पैलवानाचंच बसेल, नाहीतर काही बसणार नाही.

त्याने हात पुसले आणि मला म्हणाला, मग जा काकूकडे. मी विचारायला जाणार नाही, तू तिला जे बोललीस ते मी ऐकलंय.

मला खरं काय हवं होतं ते सांगते. म्हणजे कुणाला वाटायला नको की म्हातारीला गावभर मिरवायचं होतं. मिरवायचंही होतं. पण त्याहून जास्त, मला एकदा तो आवाज पुन्हा पोटात ऐकायचा होता. वखारीतून जो यायचा तो नुसता कानात शिरायचा, मला वाटायचं, लाकडाला जुंपून जुंपून त्याचा घसा बसलाय. हे गेल्यापासून घर फार शहाण्यासारखं गप्प झालं होतं.

गेले. धुतलेलं पातळ नेसून गेले, कारण मागायला जायचं तर भिकाऱ्यासारखं जायचं नाही. रस्ता ओलांडला आणि वखारीत पाय ठेवला. भुसा घोट्यापर्यंत. जाऊ ओंडक्याला खडूने रेघ मारत होती. केस पांढरे, त्यावर भुसा, त्यामुळे केस कुठले आणि भुसा कुठला ते कळेना. तिने वर बघितलं, करवत थांबवली आणि पदराने एक स्टूल पुसून पुढे सरकवलं. पुसलं म्हणजे मान दिला. सरकवलं म्हणजे लांबूनच दिला.

मी आल्या आल्या सांगितलं, लेकाला गाडी उभी करायची आहे, इंजिन हवं आहे, बदल्यात तो तुझ्या करवतीला विजेची मोटर बसवून देईल, फुकट काही नको. तीन वाक्यांत संपवलं. घरी आरशापुढे दोनदा म्हणून बघितलं होतं.

मला वाटलं ती आता सगळ्या वर्षांचं माप माझ्या पदरात घालणार. पण नाही. म्हणाली, न्या की. फक्त आधी नंबर बघून घ्या.

खटपट्याने मला समजावून सांगितलं होतं. अशा गाडीत एक नंबर अंगावरच्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि तोच इंजिनाच्या अंगावर. दोन्ही जुळले तर गाडी अस्सल. पट्टीवरचा नंबर मला पाठ होता. अक्षरं वाचताना मी अडखळते, आकड्यांशी माझं बरं जमतं. लेकाला हाक मारली. तो तारेचा ब्रश घेऊन आला, इंजिनावरचं तेलकट कीटण खरवडलं, फडक्याने पुसलं. मी डोकं खाली घालून बघितलं.

नंबर दुसराच.

मग मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, विकून खाल्लंस ना. खरं इंजिन कुणाच्या घशात घातलंस आणि हे भंगार आमच्या नावावर खपवतेस? आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही, आणि त्यांच्या वस्तूचं तुम्ही असं केलंत. वखारीतला गडी हळूच ओंडक्यामागे गेला. खटपट्या आई, आई करत राहिला.

जावेने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या घरून हेच आलं होतं. ह्यांनी ते वखारीत उतरवून घेतलं त्याच दिवशी नंबर बघितला होता."

"मग बोलले का नाहीत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, दादाला सोडवलं नसेल. राहू दे त्याच्याकडे, लाज वाटेल तेव्हा आणून देईल." ती खडू बोटांत फिरवत राहिली. "मग वाट बघत बसले. वाट बघायची त्यांना सवयच होती."

मी तिला खोटारडी म्हटलं आणि घरी आले. येताना चप्पल तिथेच राहिली. परत आणायला गेले नाही.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं, थोडं माझ्या बाजूने वाढवून. सून म्हणाली, हो ना आई, काकू काहीही बोलतात. तिने म्हटलं ते मला आवडायला हवं होतं, पण आवडलं नाही. कारण जाऊ कितीही तिखट असली तरी खोटं बोलताना तिची मान वाकडी होते, लग्नापासून बघतेय, आणि वखारीत मान सरळ होती.

मी पडवीत येऊन कट्ट्यावर बसले. नेहमीसारखे पाय लोंबकळले. सून आली आणि म्हणाली, आई, पायाखाली पाट देऊ का, हा कट्टा बाबांनी एवढा उंच का बांधला कोण जाणे.

कोण जाणे.

मी खाली उतरले आणि त्या कट्ट्याकडे बघत उभी राहिले. आमचे हे म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारणारे. खिळा वाकायचा, भिंत पडायची, आणि चूक हातोडीची. त्या माणसाने आयुष्यात एकच बांधकाम केलं. वाटणी ठरली त्या आठवड्यात मी माहेरी गेले होते. परत आले तर पडवीत विटांचा हा कट्टा, गिलावा ओला, आणि हे अंगभर सिमेंट लावून उभे. म्हणाले, तुला बसायला केलाय. मी किती दिवस त्या कौतुकात होते. उंच आहे म्हटलं, तर म्हणाले, राणीला उंचच लागतं.

खटपट्याला म्हटलं, घण आण.

तो म्हणाला, कशाला. मी म्हटलं, राणीला खाली उतरायचंय.

वरची फरशी निघाली, मग विटा. विटांच्या आत ताडपत्री, ताडपत्रीच्या आत मेणकापड, मेणकापडाच्या आत ग्रीसचा थर आणि ग्रीसच्या आत पैलवानाचं काळीज. खटपट्या गुडघ्यावर बसला. त्याने बोटाने ग्रीस सारलं आणि नंबर मोठ्याने वाचला. मी मनात त्याच्याबरोबर म्हणत होते. शेवटचा आकडा त्याच्या आधी मीच म्हटला.

म्हणजे बघा. भावाला भंगारातलं दुसरंच इंजिन धाडलं आणि खरं इथे चिणून ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या कट्ट्यावर बसून मी जावेला काळीजकाढी म्हणत होते, ते काळीज माझ्याच बुडाखाली होतं. हे माझ्या शेजारी बसून ते सगळं ऐकायचे आणि सुपारी कातरत राहायचे. एकदा तर म्हणाले होते, जाऊ दे गं, ती लोकं तशीच. मला त्या क्षणी ते समोर हवे होते. दोन मिनिटं पुरली असती.

खटपट्याचं तोंड मात्र उजळलं होतं. पलीकडे करवत चालू होती, त्या आवाजात इकडचं काही तिकडे ऐकू गेलं नव्हतं. म्हणाला, आई, आता कुणाला विचारायचं कारणच नाही. आपल्या घरात निघालं, आपल्या गाडीत बसवू. काकूला काय कळणार आहे?

मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं, चांगलं पाय पसरून बसलं. पण मी जावेला ओळखते. गाडी सुरू झाली की तिला आवाजावरून कळलं असतं. ती वखारीच्या दारात उभी राहिली असती, गाडी जाताना बघितली असती आणि काही बोलली नसती. भाऊजींसारखीच. ती शिव्या देते ते मी सहन करते, मीही देते, त्यात प्रकृती बरी राहते. ती काही बोलली नसती, ते मला सहन झालं नसतं.

लेकाला म्हटलं, वाटणी म्हणजे वाटणी. सांगाडा आपला, इंजिन तिचं. हातगाडी आण.

चौघांनी मिळून ते हातगाडीवर चढवलं. मी पुढे, हातगाडी मागे, पायात सुनेची चप्पल. गल्लीतली माणसं दारात आली. कुणी विचारलं, काय आजी, कुठे मिरवणूक? मी म्हटलं, उसनं आणलेलं परत करायला चाललेय, तुमच्याकडेही आमची शिडी आहे.

वखारीत गेले. जावेने करवत थांबवली. हातगाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, "तुझं इंजिन. आमच्याकडे राहिलं होतं."

"बरंच राहिलं," ती म्हणाली.

माफी वगैरे शब्द माझ्या तोंडाला बसत नाहीत, दातांच्या कवळीसारखे सटकतात. तिलाही ते ठाऊक असावं. तिने इंजिनाभोवती एक फेरी मारली, ग्रीसवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि ते बोट ओंडक्याला पुसलं. मग खटपट्याला म्हणाली, हे माझ्या करवतीला लावून दे.

खटपट्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी गवयाला भाजी विकायला बसवा म्हटलं. काकू, हे मोटारीचं इंजिन आहे, असं अस्सल आता मिळत नाही, असं काहीबाही सांगायला लागला. ती म्हणाली, मग इतकी वर्षं माझ्याकडे जे होतं ते काय शिवणयंत्राचं होतं? वाटणीत मला हे आलं होतं ना? मग ते माझ्या चौथऱ्यावर बसलेलं मला बघायचंय.

खटपट्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं आई आता आकाशपाताळ एक करेल. मी म्हटलं, तिचं आहे, ती म्हणेल तिथे लाव.

त्याने ते वखारीतच उघडलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, गॅस्केट घातली, कार्ब्युरेटर धुतला, भुशापासून वाचवायला चारी बाजूंनी चादरी टांगल्या. कितीतरी दिवस वखारीला दवाखान्याची कळा आली होती. मी रोज जाऊन बसायची. चप्पल पहिल्याच दिवशी परत मिळाली, दाराशी जोडून ठेवली होती. सुरुवातीला मी लेकाचा डबा द्यायचं निमित्त करायची, नंतर डबा तिकडेच व्हायला लागला. जाऊ स्वयंपाक करते बरा, मीठ कमी घालते. सांगितलं तिला. म्हणाली, तुमच्या तोंडात आधीच असतं म्हणून घालत नाही.

मग एका सकाळी जुनं इंजिन उतरवून हे चौथऱ्यावर चढलं, पट्टा लागला. खटपट्याने चावी दिली. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा सुरू झालं.

मी ओंडक्यावर बसले होते. ओंडक्यातून तो आवाज वर आला आणि पोटात शिरला. तोच. डोळ्यात भुसा गेला म्हणून मी पदर लावला. भुसा खरंच होता, नाही असं नाही. समोर जाऊ उभी होती, तिच्याही डोळ्यात त्याच वेळी गेला. तीही त्याच गाडीतून नवरी होऊन आली होती, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

करवत अशी चालली की काय सांगू. ज्या लाकडापुढे जुनं इंजिन धापा टाकायचं ते हे सहज दोन करत होतं. जावेने त्या दिवशी ओंडक्यांवर ओंडके फाडले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी लांबून लोक लाकूड घेऊन आले. ती तरण्या पोरीसारखी वखारीत फिरत होती, गड्याला ओरडत होती, खूश होती.

खटपट्या मला रोज विचारायचा, आई, काकूला कधी विचारतेस? मी म्हणायची, बघू. इकडे पैलवान चकचकीत अंगाने, रिकाम्या पोटाने उभा. मी त्याच्याकडे जाऊन बसले एकदा, ह्यांच्या जागेवर. स्टेअरिंग धरून बघितलं. घाट लागला नाही.

संध्याकाळी वखारीत गेले. करवत बंद झाली होती. जाऊ पट्टा पुसत होती. मी म्हटलं, "ठेव ते तुझ्याकडेच. तुझ्या कामाला शोभतंय."

"आणि तुमच्या गाडीत काय घालणार?"

"काही नाही. रंग चांगला लागलाय, उभी राहील."

आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. जीभ तिखट असली तरी माझं बोलणं दोन अर्थांचं नसतं. तिने फडकं खाली ठेवलं. मग पट्टा चाकावरून खाली ओढला आणि खुंटीला अडकवला.

म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही पहिल्यांदा मागायला आलात तेव्हाच मला द्यायचं होतं. पण माझ्याकडे नव्हतंच ते. तुमच्या कट्ट्यातलं मी तुम्हाला काय देणार? आता माझं झालंय. न्या."

मी काही बोलले नाही. घरी सून म्हणाली, आई, तुम्हाला बरं नाही का?

विजेची मोटर जावेने नको म्हटली, म्हणून जुनं इंजिन परत करवतीला लागलं, धापा टाकत का होईना चालतंय. खटपट्याने पैलवान वखारीत ढकलत नेला, चेनपुलीने इंजिन उचललं आणि हळूहळू पोटात उतरवलं. जाऊ एका बाजूने सांगत होती डावीकडे घे, मी दुसऱ्या बाजूने सांगत होते उजवीकडे. त्याने शेवटी आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर रस्त्यावर उभ्या राहून त्याच्या वागण्याला नावं ठेवली. एकमताने ठेवली.

पहिल्या फेरीला सून म्हणाली, मी येत नाही, मला धडधडतं. म्हणून पुढे खटपट्या आणि मी, मागे जाऊ. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची गादी वाकवून, पाय दुमडून, कसरत करत शिरायचं. ती शिरली, आणि शिरताना म्हणाली, इंजिन माझं आणि जागा ही. मी म्हटलं, सांगाड्यात बसायचं तर सांगाडेवालीचं ऐकायचं. मग चार पावलांवर मीच गाडी थांबवायला लावली, उतरले, ती पुढे आली, मी मागे गेले. गुडघे हनुवटीला लागले. पण खरं सांगू, आवाज मागे जास्त येतो.

गल्लीतली तावदानं थरथरली. शिडीवाला दारात आला, मला बघून आत गेला. चौक आला तशी मी म्हटलं, डावीकडे घे, तिकडून मोठा रस्ता लागतो. जाऊ म्हणाली, उजवीकडे, तिकडे वर्दळ नसते. मी म्हटलं, अगं तुला काय माहीत, तू वखारीबाहेर पडलीस कधी? ती म्हणाली, आणि तुम्ही कट्ट्यावरून उतरलात कधी?

खटपट्याने दोघींकडेही बघितलं नाही. त्याने पाय दाबला आणि पैलवान सरळ दामटला.